बिनतारी संचाची पुस्तिका: कागदावर किती, पडद्यावर किती

आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे आकडे सांगलीत शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये तीच पातळी ५७ फुटांच्या वर गेली. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले, आणि गावोगावी लोक उंचावरच्या गच्च्यांवर बसून राहिले. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या तेव्हा रस्ता आणि संपर्क दोन्ही एकदमच तुटले. याच कोयना खोऱ्याला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने हादरवले होते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना संकट असे दोन बाजूंनी येते, डोंगराकडून आणि नदीकडून. नेहमीची संपर्कव्यवस्था दोन्ही वेळा पहिल्या काही तासांतच कोलमडते. हौशी रेडिओचा, म्हणजे ज्याला आपण हॅम रेडिओ म्हणतो त्याचा, खरा सामाजिक उपयोग या तासांतला आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपात, २००१ मध्ये भूजला आणि २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात हौशी रेडिओचालकांनी जे काम केले ते टॉवर, केबल आणि इंटरनेट यांवाचून केले. मग अशा संचाची माहितीपुस्तिका कोणत्या रूपात असावी, छापील की डिजिटल, हा प्रश्न वरवर छंदिष्टांच्या आवडीनिवडीचा वाटला तरी तसा नाही. इंटरनेट संपते तिथे ज्या यंत्राचे काम सुरू होते, त्याच्या वापराची माहिती इंटरनेटवर ठेवून चालेल का, असा तो प्रश्न आहे.

आधी या पुस्तिका काय होत्या ते पाहिले पाहिजे, कारण आजचा वाद त्या आठवणीवर पोसलेला आहे. स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे भारतातल्या हौशी रेडिओचालकांच्या हाती आले ते दुसऱ्या महायुद्धातले मोडीत निघालेले लष्करी संच. आयातीवर कडक बंधने होती, त्यामुळे नवा परदेशी संच जवळजवळ स्वप्नातच. युद्धातल्या संचांपैकी क्रमांक १९ चा वायरलेस सेट जगभर प्रसिद्ध आहे. कॅनडात बनलेल्या अनेक १९ क्रमांकी संचांच्या दर्शनी पट्टीवर प्रत्येक बटणाचे नाव इंग्रजीत आणि रशियनमध्ये असे दोनदा कोरलेले असे, कारण ते सोव्हिएत सैन्याला पाठवायचे होते. आघाडीवर पुस्तिका हरवेल, भिजेल, जळेल, पण संच आहे तोवर त्याच्यावरची अक्षरे तरी राहतील, असा विचार त्या पट्टीमागे दिसतो. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण माझ्या युक्तिवादाचा अर्धा भाग त्या पट्टीवर आहे. पुढे १९७० च्या दशकात जपानी यासू कंपनीचा एफटी-१०१ आला. त्याच्या पुस्तिकेत कोणते बटण कशाचे एवढेच नव्हते. संपूर्ण मंडलाकृती, ठिकठिकाणी किती व्होल्ट यायला हवेत त्याचे तक्ते, जुळणी बिघडली तर ती पुन्हा कशी लावायची याची कृती, हे सगळे वापरणाऱ्याच्या हाती दिलेले असे. अमेरिकेतल्या हीथकिटने तर सुटे भाग आणि पुस्तिका हाच आपला माल केला. एक भाग बसवा, डाख द्या, समोरच्या कंसात खूण करा, मग पुढच्या वाक्याकडे जा, अशी ती लिहिलेली असत. १९९२ मध्ये हीथकिटने हा व्यवसाय थांबवला, तरी त्या पुस्तिकांचे नाव आजही आदराने घेतले जाते. वाचून झाल्यावर माणसाच्या हातात चालू यंत्र असायचे, एवढेच या आदराचे कारण.

आता दुसरी बाजू, आणि ती कमकुवत नाही. आजचा संच म्हणजे अर्धाअधिक संगणक. आयकॉमचा २०१६ साली आलेला आयसी-७३०० घ्या. त्याच्याबरोबर छापील मूलभूत पुस्तिका मिळते आणि पूर्ण पुस्तिका पीडीएफ रूपात. यासूच्या अलीकडच्या अनेक संचांचेही तसेच आहे. साधी पुस्तिका खोक्यात, सविस्तर पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर. कंपन्या हे निव्वळ कागद वाचवण्यासाठी करतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. संच विकला गेल्यानंतरही त्याचे अंतर्गत सॉफ्टवेअर बदलते, नव्या सोयी येतात, जुन्या मेनूची रचना सरकते, आणि छापलेले पान एका सकाळी खोटे ठरते. स्वतः जोडायच्या संचांत हे आणखी ठळक दिसते. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी रचलेला बिटएक्स हा साध्या, सहज मिळणाऱ्या भागांतून बनणारा संच जगभर बांधला गेला तो त्याची कृती आणि आकृती इंटरनेटवर मोकळी होती म्हणून. अशी कृती छापून टपालाने पाठवायची म्हटली असती तर ती किती जणांपर्यंत गेली असती? पुढच्या आवृत्त्यांत मंडल बदलत गेले आणि त्याबरोबर लिखाणही. क्यूआरपी लॅब्जच्या क्यूसीएक्स या छोट्या मोर्स संचाची शंभराहून अधिक पानांची पुस्तिकाही फक्त पीडीएफ रूपात मिळते, आणि ती उत्तम आहे. चित्र मोठे करून बघता येते, हवा तो शब्द शोधता येतो, चूक सापडली की आठवड्यात दुरुस्त होते. डिजिटल म्हणजे कमअस्सल, असे मानणाऱ्याने ती एकदा वाचावी.

मात्र या स्थित्यंतरात एक गोष्ट गुपचूप गळून गेली, आणि तिच्याविषयी बोलताना लोक चुकून कागदाविषयी बोलतात. छापील पुस्तिका गेली तेव्हा तिच्यातला दुरुस्तीचा भागही गेला. मंडलाकृती, व्होल्टांचे तक्ते, जुळणीची कृती हे सगळे वेगळ्या 'सर्व्हिस मॅन्युअल'मध्ये गेले आणि वापरणाऱ्याला मिळाले ते मेनूचे वर्णन. यावर उत्तर असे दिले जाते की आजचे भाग तांदळाच्या दाण्याहून बारीक असतात, ते घरी कोण बदलणार? हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण पुराच्या किंवा दरडीच्या वेळी संच बंद पडतो तो बहुधा त्या बारीक भागांमुळे नाही. फ्यूज उडतो, बॅटरीच्या तारा उलट्या लागतात, माइकच्या जोडणीत पाणी जाते, अँटेनाची केबल मुळाशी तुटते. फ्यूज किती अँपिअरचा, तो नेमका कुठे आहे, माइकच्या कोणत्या पिनेला काय येते, हे माहीत असेल तर गावातला मोटार-वायंडिंगवालाही हे बिघाड काढू शकतो. ही माहिती पीडीएफच्या दीडशे पानांत कुठेतरी असते, पण हाताशी नसते. माहिती असणे आणि हाताशी असणे यांत जे अंतर आहे त्यावर या वादाचा निकाल लागायला हवा.

कागदाच्या कैवाऱ्यांना एक गोष्ट कबूल करावी लागेल. जुन्या छापील पुस्तिका आज जिवंत आहेत त्या डिजिटल झाल्या म्हणून. बंद पडलेल्या कंपन्यांच्या, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या संचांच्या पुस्तिका जगभरच्या हौशी लोकांनी पान-पान स्कॅन करून मोफत संग्रहात ठेवल्या आहेत. कराडच्या किंवा मिरजेच्या माणसाला एखादा जुना संच मिळाला, तर त्याची पुस्तिका बहुधा अशाच संग्रहात सापडेल. पण यातच उलटे सत्यही आहे. स्कॅन करायला मुळात कागद होता. पूर्ण, बांधलेला, शेवटच्या पानापर्यंत संपलेला मजकूर होता. जी माहिती फक्त संकेतस्थळावर, सतत बदलत्या रूपात असते ती जपायची म्हटली तर कोणत्या दिवसाची जपायची? सातारा जिल्ह्यात या प्रश्नाचे फार मोठे उदाहरण आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. पुढचे खंड निघायला दशके लागली, तोवर पहिल्या खंडातले विज्ञान जुने झाले. आज तोच विश्वकोश संकेतस्थळावर मोफत वाचता येतो, नव्या नोंदी तिथे भरल्या जातात, आणि छापील खंड ग्रंथालयांत उभे आहेत. यांतले कोणतेही रूप टाकून देण्याजोगे नाही. नोंद कोणत्या काळी काय सांगत होती हे छापील खंड सांगतो, आज काय मानले जाते हे संकेतस्थळ सांगते. संचाच्या पुस्तिकेला हाच न्याय लावला तर 'एक निवडा' हा आग्रहच निराधार ठरतो. प्रश्न उरतो तो कोणते पान कुठे ठेवायचे याचा.

वाचनाविषयीचे संशोधन इथे थोडी मदत करते. कागद आणि पडदा यांवरच्या आकलनाची तुलना करणाऱ्या ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,७०,००० हून अधिक वाचकांची माहिती होती. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, आणि वाचायला वेळ ठरावीक असेल तर हा फरक वाढतो, असे त्यात आढळले. गोष्टीरूप मजकुरात असा फरक दिसला नाही. या निष्कर्षाला ताणू नये. ते अभ्यास सलग वाचनाचे होते, मेनू शोधण्याचे नव्हते, आणि शोधायचे असेल तेव्हा पडदा निःसंशय वेगवान ठरतो. तरी घाईत, दडपणाखाली, माहितीपर मजकूर हे वर्णन पूर-नियंत्रण कक्षातल्या माणसाच्या वाचनाला नेमके लागू पडते. विमानक्षेत्रातला अनुभव मला याहूनही बोलका वाटतो. अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ पर्यंत वैमानिकांच्या सोळा-सतरा किलोंच्या कागदी पिशव्या काढून त्या जागी टॅबलेट दिले. वजन वाचले, इंधन वाचले, नकाशे अद्ययावत राहू लागले. एप्रिल २०१५ मध्ये त्या टॅबलेटवरचे ॲप एका नकाशाच्या दुहेरी नोंदीमुळे बंद पडले आणि काही डझन उड्डाणे खोळंबली. यावरून कोणी टॅबलेट फेकून दिले नाहीत, आणि द्यायलाही नको होते. मात्र आणीबाणीत काय करायचे याची छोटी पुस्तिका अनेक विमानांच्या कॉकपिटमध्ये आजही हाताशी कागदावर असते. हजारो पाने पडद्यावर आणि जीव वाचवणारी थोडी पाने कागदावर, ही वाटणी तिथे अनुभवातून आली आहे.

सर्वांत जोरदार आक्षेप असा: पीडीएफ फोनमध्ये आधीच उतरवून ठेवली की नेटवर्क असो-नसो, काय फरक पडतो? हा आक्षेप रास्त आहे आणि प्रत्येक रेडिओचालकाने तसे ठेवावेच. पण पूरग्रस्त गावात फोनवर आणखी किती कामे असतात ते पाहा. तोच विजेरी आहे, तोच कॅमेरा आहे, नेटवर्क क्षणभर आले तर घरच्यांशी बोलायचे साधन तोच आहे, आणि त्याची बॅटरी भरायची सोय नाही. ओल्या बोटाने त्याचा पडदा नीट चालत नाही. पावसात उभ्या माणसाला ही अडचण किरकोळ नसते. शिवाय फोन एकाचा असतो. संचापाशी पाळी बदलते, पहिला चालक जेवायला किंवा झोपायला जातो, आणि त्याच्या खिशात पुस्तिकाही जाते. स्वस्तात मिळणारा म्हणून जगभर पसरलेला बाओफेंग यूव्ही-५आर हा हातसंच घ्या. रिपीटरमधून, म्हणजे आलेला आवाज पुन्हा दूरवर पाठवणाऱ्या उंचावरच्या संचातून, बोलायचे तर त्यात मेनू १३ मध्ये टोन, २५ मध्ये फ्रीक्वेन्सी सरकवण्याची दिशा आणि २६ मध्ये ती किती सरकवायची ते भरावे लागते. हे तीन आकडे आठवत नसतील तर डोंगरावरचा रिपीटर चालू असूनही तुमच्यासाठी तो नाही. हे तीन आकडे शोधायला शंभर पानांची पीडीएफ उघडणे आणि संचाच्या पाठीवर चिकटवलेली तीन ओळींची चिठ्ठी वाचणे, यांतला फरक वेळेचा आहेच, पण त्याहून तो धीराचा आहे. घाबरलेल्या माणसाला तीन ओळी वाचता येतात. अर्थात असा संच बाळगायला आणि चालवायला केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, आणि चिठ्ठी चिकटवल्याने त्या परवान्याची परीक्षा चुकत नाही.

दुसरा आक्षेप सांगलीकरच घेतील, आणि तो घेण्याचा अधिकार त्यांना आहे: कागदाचे काय होते ते आम्ही पाहिले आहे. २०१९ च्या पुरात ग्रंथालयांतली, घरांतली, दुकानांतली कितीतरी पुस्तके फुगून लगदा झाली. महाबळेश्वर, कोयना, नवजा इकडच्या पावसाळ्यात तर पूर यायचीही गरज नाही. बुरशी आणि कसर दोन वर्षांत पान खातात. हा आक्षेप कागदाविरुद्ध जितका खरा, तितकाच एकाच जागी ठेवण्याविरुद्धही खरा आहे. हरिपूरची हळदीची पेवे पिढ्यान्पिढ्या सुरक्षित मानली गेली. जमिनीखालच्या त्या खोल कोठारांत हळद वर्षानुवर्षे टिकायची. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरले आणि साठवणीची ती पद्धतच मोडकळीला आली. एकाच ठिकाणी, एकाच रूपात ठेवलेली वस्तू कितीही जुन्या खात्रीची असली तरी एका पुरात जाऊ शकते. म्हणून पुस्तिकेची पीडीएफ नदीपासून दूर, दुसऱ्या शहरातल्या कोणाकडे तरी असावी, छापील प्रत संचाबरोबर असावी, आणि त्यातली अगदी मोजकी पाने पाण्याला न जुमानणाऱ्या पृष्ठावर असावीत. ती पाने कशावर छापायची याचे उत्तर सांगली, कराड, इस्लामपूर, विटा इथल्या प्रत्येक चौकात टांगलेले आहे. फ्लेक्स पाण्याने विरघळत नाही, घडी करून पिशवीत ठेवता येतो, आणि तालुक्याच्या कोणत्याही गावात तासाभरात छापून मिळतो.

आणि आता भाषा. परदेशी कंपनी आपली पुस्तिका इंग्रजीत, जपानीत, जर्मनमध्ये, स्पॅनिशमध्ये काढते. मराठीत काढणार नाही, कारण तेवढे ग्राहक नाहीत. यात रागावण्यासारखे काही नाही. पण म्हणून मराठीत ती नसावीच असे ठरत नाही. याच सांगली जिल्ह्यात, पलूस-कुंडलच्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला तेव्हा लोखंडी नांगर हीच नवी, परकी, संशयाने पाहिली जाणारी वस्तू होती. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केले ते कारखान्याचे पत्रक म्हणून, माल विकणाऱ्यांशी आणि वापरणाऱ्यांशी बोलण्यासाठी. पुढे त्याचे मराठीतले एक मोठे मासिक झाले, ही वेगळी कथा. इथे महत्त्वाचे एवढेच की यंत्र आणि वापरणारा यांच्यामध्ये वापरणाऱ्याच्या भाषेतला कागद असला पाहिजे, हे शंभर वर्षांपूर्वी कृष्णाकाठी कोणाला तरी उमगले होते. आज ती गरज कमी झालेली नाही. संकटात संचापाशी बसणारा माणूस प्रत्येक वेळी परवानाधारक, इंग्रजी सराईतपणे वाचणारा हॅम असेलच असे नाही. परवानाधारक बोलत असताना बॅटरी बदलायला, अँटेना ओढायला, आलेला निरोप वहीत उतरवायला तलाठी असेल, होमगार्ड असेल, सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतलेला कोणी असेल.

भाषेचा विषय निघाला की परिभाषेचा गुंता येतो. फ्रीक्वेन्सीला विश्वकोश कंप्रता म्हणतो, पाठ्यपुस्तके वारंवारता म्हणतात, आणि संच चालवणारा फ्रीक्वेन्सीच म्हणतो. संकटातल्या पानावर यांतला तिसराच शब्द असावा असे माझे ठाम मत आहे. संचाच्या पडद्यावर जे इंग्रजी अक्षर दिसते त्याचे चित्र जसेच्या तसे, आणि त्यापुढे मराठीत काय करायचे ते, अशी ती रचना हवी. १९ क्रमांकी संचाच्या पट्टीने रशियन सैनिकासाठी हेच केले होते. कंपनीच्या पुस्तिकेचे भाषांतर करून वाटायचे तर कंपनीची परवानगी लागेल. स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या एका पानाला ती लागत नाही. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय इथे हे शब्द जाणणारी आणि घरी मराठी बोलणारी मुले दरवर्षी शिकून बाहेर पडतात. असे एक पान लिहिणे हा त्यांच्यासाठी एका सत्राचा प्रकल्प आहे.

कोणी म्हणेल की पुस्तिका मुळात वाचतेच कोण, छापील असो वा पडद्यावरची. सराव असला की पुरे. सरावाला पर्याय नाही हे खरेच. पण सराव केलेला माणूस त्या दिवशी पाण्याच्या कोणत्या बाजूला अडकला असेल हे कोणाच्या हातात नसते. शिवाय पान लिहिताना आपल्याला काय येत नाही ते कळते. कोयना खोऱ्यासाठी असे पान लिहायला बसले की लगेच दिसते की हातसंच तिथे फारसा उपयोगी नाही. १४४ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि सह्याद्रीची धार मध्ये उभी असते. तिथून साताऱ्याला किंवा पुण्याला पोचायचे तर ७ मेगाहर्ट्झचा, चाळीस मीटरचा पट्टा हवा, आणि अँटेना उंच नव्हे, मुद्दाम बेताच्या उंचीवर बांधायला हवी, म्हणजे लहर सरळ वर जाऊन आयनांबरावरून डोंगरापलीकडे उतरते. त्यासाठी दहा-दहा मीटरच्या दोन तारा आणि दोन झाडे पुरतात. रात्री आयनांबर पातळ झाले की जवळचे केंद्र ७ मेगाहर्ट्झवर ऐकू येईनासे होते. तेव्हा ८० मीटरच्या पट्ट्यावर जायचे आणि तारा दुप्पट लांब करायच्या. शंभर वॉटचा संच बोलताना वीस अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो आणि नुसते ऐकताना एक अँपिअर, म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जास्त ऐकायचे आणि कमी बोलायचे. ही माहिती जपानी कंपनीच्या पुस्तिकेत कधीच येणार नव्हती, छापीलमध्येही नाही आणि डिजिटलमध्येही नाही, कारण ती संचाची नाही, या खोऱ्याची आहे.

शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरचे झाकण उघडले की आतल्या बाजूला जोडणीची आकृती चिकटवलेली दिसते. जुन्या रेडिओंच्या पाठीमागच्या फळीवरही कोणती नळी कुठे बसते त्याचे चित्र असायचे. विहिरीवर मध्यरात्री फ्यूज गेलेल्या शेतकऱ्याला कपाटातली पुस्तिका आणायला घरी जायचे नसते, हे त्या आकृती चिकटवणाऱ्याला ठाऊक होते. हौशी रेडिओच्या पुस्तिकेतले जे पान असे झाकणाच्या आत चिकटवण्याजोगे आहे ते कागदावर, फ्लेक्सवर, मराठीत असावे. उरलेली सगळी पुस्तिका खुशाल पडद्यावर जावी, शोधता यावी, बदलत राहावी. त्या पानावर बॅटरीच्या लाल-काळ्या तारा कुठे लावायच्या ते हवे, फ्यूजचा आकडा आणि जागा हवी, दिवसाची आणि रात्रीची फ्रीक्वेन्सी आणि त्या-त्या वेळची तारेची लांबी हवी, अँटेना जोडल्याशिवाय माइकचे बटण दाबू नये ही सूचना ठळक अक्षरात हवी, आणि निरोप कोणत्या क्रमाने सांगायचा तेही: कुठून, किती माणसे, काय हवे. सर्वांत खाली, बारीक पण स्पष्ट अक्षरांत, पान कोणत्या तारखेचे आणि संचाच्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीचे ते लिहिलेले हवे. दरवर्षी मे महिन्यात, कृष्णेचे पात्र कोरडे असताना, संच बॅटरीवर चालू करून त्या तारखेशी ताडून पाहायचा आणि गरज पडली तर नवे पान छापून जुन्याच्या जागी चिकटवायचे.